साध्य, असाध्य आणि गुणांक : यकृतात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व आयुर्मानाच्या पूर्वानुमानाचा इतिहास

प्रस्तावना :

रोगी किती काळ जगेल, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे साध्य आणि असाध्य असे वर्गीकरण असून साध्यामध्ये सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य आणि असाध्यामध्ये याप्य व सर्वथा त्याज्य असे पोटभेद केलेले आहेत. असाध्य व्याधीवर उपचार करणाऱ्या वैद्याला धन, विद्या आणि यश यांची हानी सोसावी लागते, असा इशाराही तेथे दिलेला आहे. ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांमध्ये पूर्वानुमानावर स्वतंत्र ग्रंथ आढळतो. दोन्ही परंपरांत पूर्वानुमानाचे कार्य दुहेरी होते. रोग्याला त्याचे भवितव्य सांगणे हे एक, आणि कोणावर उपचार करावयाचे व कोणावर नाही हे ठरविणे हे दुसरे.

विसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले जाऊ लागले. प्रस्तुत निबंधात त्या परिवर्तनाचे एक मर्यादित उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे. मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग यकृतात पसरल्यानंतर यकृताचा बाधित भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली जाते. या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती वर्षे जगेल याचे अनुमान करण्याच्या पद्धती कशा घडल्या, त्या कशामुळे बदलल्या आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे. निबंधाची भूमिका वैद्यकीय सल्ल्याची नसून इतिहासाच्या अभ्यासकाची आहे. प्रत्येक पूर्वानुमान हे वस्तुतः भूतकाळाविषयीचे विधान असते. विशिष्ट काळात, विशिष्ट रुग्णालयात, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचाच तो इतिहास असतो. आणि ही गोष्ट विसरली गेली की त्याचेच रूपांतर उपचार नाकारणाऱ्या नियमात होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका :

आतड्यांतील रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात जाते. त्यामुळे आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या कर्कपेशींना अडकून वाढण्यास यकृत हे सर्वांत जवळचे ठिकाण ठरते. या कर्करोगाच्या दूरवरच्या प्रसाराचे यकृत हे सर्वाधिक आढळणारे स्थान आहे, त्याचे कारण या रक्ताभिसरणात आहे. काही रुग्णांत रोग दीर्घकाळ यकृतापुरताच मर्यादित राहतो. तेवढा भाग काढला तर रोग समूळ जाऊ शकेल, या विचाराचा आधार हाच होता.

तथापि यकृत हा रक्ताने भरलेला अवयव असल्याने त्याला सुरी लावणे शल्यचिकित्सकांना दीर्घकाळ धोक्याचे वाटत होते. जर्मन शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख याने यकृताचा भाग नियोजनपूर्वक कापून काढल्याचा वृत्तांत १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लासगो येथील जेम्स होगार्थ प्रिंगल याने १९०८ मध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरून रक्तस्राव रोखण्याची पद्धत वर्णन केली. पॅरिसमध्ये लॉर्ता-जाकोब व रोबेर यांनी १९५२ मध्ये उजव्या बाजूचे यकृत शरीररचनेच्या आधारे काढण्याची पद्धत मांडली आणि १९५७ मध्ये क्लोद क्विनो याच्या ग्रंथाने यकृताचे आठ स्वतंत्र खंड दाखवून दिले. प्रत्येक खंडाला स्वतःचा रक्तपुरवठा आहे, हे कळल्यानंतर यकृत कोठे कापावे याचा नकाशाच हाती आला. रोग्याला शस्त्रक्रियेतून जिवंत बाहेर काढणे शक्य झाल्यावरच तो त्यानंतर किती जगेल, हा प्रश्न अर्थपूर्ण ठरला.

मोजणीच्या साधनांची निर्मिती :

शस्त्रक्रियेचा विकास आणि मोजणीच्या साधनांचा विकास हे दोन प्रवाह काही काळ स्वतंत्रपणे वाहत होते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स याने १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे अ, ब, क असे तीन टप्पे सांगितले. गाठ आतड्याच्या भिंतीतच असल्यास अ, भिंतीबाहेर गेल्यास ब आणि लसिका ग्रंथींत पोहोचल्यास क. काढलेल्या गाठीचे सूक्ष्म निरीक्षण करून रोग्याचे भवितव्य सांगता येते, हे या साध्या वर्गीकरणाने दाखवून दिले. यकृतात पसरलेल्या रोगाला या मांडणीत जागा नव्हती. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील रूपर्ट टर्नबुल याने दूरवर पसरलेल्या रोगासाठी ड हा चौथा टप्पा जोडला. हा शेवटचा वर्ग व्यवहारात असाध्याचा वर्ग होता. त्याच्या आत आणखी भेद करण्याची आवश्यकता तोपर्यंत फारशी भासली नव्हती.

दुसरे साधन संख्याशास्त्राने दिले. कोणत्याही अभ्यासात सर्व रुग्ण एकाच दिवशी दाखल होत नाहीत. काहींना शस्त्रक्रिया होऊन दहा वर्षे झालेली असतात, तर काहींना सहा महिने. काही रुग्णांशी मध्येच संपर्क तुटतो. अशा अपुऱ्या नोंदींतूनही जगण्याचे प्रमाण कसे काढावे, याची पद्धत एडवर्ड कॅप्लान व पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. डेव्हिड कॉक्स याने १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे अनेक घटकांचा एकत्रित विचार करून प्रत्येक घटकाचा मृत्यूच्या जोखमीवर किती परिणाम होतो, हे वेगळे करणे शक्य झाले. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, माँट्रियल येथील फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात आढळणारे सीईए हे प्रथिन शोधून काढले होते. रक्तातील त्याचे प्रमाण मोजता येऊ लागल्यावर रोगाच्या भाराचा एक आकडा शस्त्रक्रियेपूर्वीच उपलब्ध झाला.

अशा रीतीने १९७५ च्या सुमारास नकाशा, सूक्ष्मदर्शक, रक्ततपासणी आणि समीकरण ही चारही साधने तयार होती. उणीव होती ती रुग्णांच्या पुरेशा संख्येची.

पहिल्या टक्केवाऱ्या आणि पहिला नियम (१९७६ ते १९८८) :

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मार्टिन अ‍ॅडसन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून या शस्त्रक्रियेचे परिणाम प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये त्यांनी १४१ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्के होते. चौघांपैकी तिघे पाच वर्षांच्या आत जातात, असेही हा आकडा वाचता येतो. परंतु तुलना कोणाशी करावयाची, हा खरा प्रश्न होता. त्याच वर्षी त्याच संस्थेतील वॅग्नर व सहकाऱ्यांनी रोगाचा नैसर्गिक क्रम अभ्यासला. ज्यांच्या गाठी काढता येण्यासारख्या होत्या, परंतु प्रत्यक्षात काढल्या गेल्या नव्हत्या, अशा जुन्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तुलनेसाठी वापरल्या. शस्त्रक्रिया न झालेल्या या रुग्णांत पाच वर्षे जगणे हा अपवाद होता.

ही तुलना इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. येथे प्रयोगशाळेतील नियंत्रित गट नाही. दप्तरांतून शोधून काढलेले जुने रुग्ण आहेत. ही शस्त्रक्रिया रूढ झाली ती अशा ऐतिहासिक तुलनेच्या बळावर. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेचा अभाव यांची तुलना करणाऱ्या चाचणीच्या बळावर नव्हे. पुढील सर्व पूर्वानुमान पद्धती याच पायावर उभ्या राहिल्या.

१९८६ मध्ये स्वीडनमधील एकबर्ग व सहकाऱ्यांनी आपल्या अनुभवावरून तीन अटी सांगितल्या. यकृतातील गाठी चारपेक्षा कमी असाव्यात, यकृताबाहेर रोग नसावा आणि गाठीभोवती किमान १० मिलिमीटर निरोगी यकृताची कडा ठेवून ती काढता यावी. तर १९८८ मध्ये केव्हिन ह्यूज यांच्या पुढाकाराने २४ संस्थांतील ८५९ रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्यात आल्या आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३३ टक्के आढळले. प्रत्येक संस्थेजवळ मोजके रुग्ण असताना एकत्रित नोंदवहीची ही कल्पना फार मोलाची ठरली.

या टप्प्यावरील एक सूक्ष्म बदल मात्र नजरेआड होऊ नये. चार किंवा अधिक गाठी असलेले रुग्ण कमी जगले, हे निरीक्षण होते. चार किंवा अधिक गाठी असल्यास शस्त्रक्रिया करू नये, हा नियम झाला. निरीक्षणापासून नियमापर्यंतचे हे अंतर कोणत्याही समीकरणाने ओलांडलेले नव्हते. आणि एकदा नियम रूढ झाला की अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया होत नाही. शस्त्रक्रिया न झाल्याने त्यांच्या जगण्याची नोंद होत नाही. नोंद नसल्याने नियम चुकीचा असला तरी तो तसे सिद्ध होऊ देत नाही. असाध्य हा शिक्का अशा प्रकारे स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो.

गुणांकांचा उदय (१९९६ ते १९९९) :

एकेका घटकाऐवजी अनेक घटकांची बेरीज करून रुग्णाला गुण देण्याची पद्धत १९९० नंतर प्रचारात आली. बर्नार नॉर्डलिंजर यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्समधील शल्यचिकित्सकांनी १५६८ रुग्णांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णाचे वय, सर्वांत मोठ्या गाठीचा आकार, सीईएचे प्रमाण, मूळ कर्करोगाचा टप्पा, मूळ शस्त्रक्रिया व यकृतातील प्रसार यांमधील कालावधी, गाठींची संख्या आणि कापलेल्या कडेची रुंदी असे सात घटक त्यांनी निवडले. प्रत्येक प्रतिकूल घटकास एक गुण. शून्य ते दोन गुण असणाऱ्यांपैकी दोन वर्षे जगणारे ७९ टक्के, तीन ते चार गुणांच्या गटात ६० टक्के आणि पाच ते सात गुणांच्या गटात ४३ टक्के होते.

यानंतर तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील युमन फाँग व सहकाऱ्यांनी १९८५ ते १९९८ या काळातील सलग १००१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्या पद्धतीतील पाच घटक असे : मूळ कर्करोगात लसिका ग्रंथी बाधित असणे, यकृतातील प्रसार बारा महिन्यांच्या आत आढळणे, एकापेक्षा अधिक गाठी असणे, सीईए २०० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असणे आणि सर्वांत मोठी गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे. हे पाचही घटक शस्त्रक्रियेपूर्वीच कळू शकतात, आणि त्यांची बेरीज रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून बोटांवर करता येते. या पद्धतीच्या जगभरातील प्रसाराचे रहस्य या सोपेपणात आहे.

एकूण रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के, तर दहा वर्षांचे २२ टक्के होते. शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू २.८ टक्के होते. गुणांकानुसार पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे होते : शून्य गुण ६० टक्के, एक गुण ४४, दोन गुण ४०, तीन गुण २०, चार गुण २५ आणि पाच गुण १४ टक्के. येथे तीन गुणांपेक्षा चार गुणांचे रुग्ण अधिक जगलेले दिसतात. चौथ्या घटकाने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे. वरच्या गुणांच्या गटांत रुग्ण थोडे असतात. थोड्या माणसांवर काढलेली टक्केवारी डळमळीत असते. शिवाय चार प्रतिकूल घटक असूनही ज्यांना शस्त्रक्रियेसाठी निवडले गेले, ते अन्य बाबतींत अधिक सुदृढ असण्याचा संभव असतो. शल्यचिकित्सकाच्या नजरेने आधीच केलेली ही निवड गुणांकात कोठेही नोंदली जात नाही.

फाँग यांचा मूळ हेतूही लक्षात घेण्यासारखा आहे. दोनपर्यंत गुण असणाऱ्यांचे भवितव्य चांगले आणि तीन वा अधिक गुण असणाऱ्यांना पूरक उपचारांच्या प्रायोगिक चाचण्यांत समाविष्ट करण्याचा विचार व्हावा, अशी त्यांची शिफारस होती. म्हणजे अधिक गुण हा अधिक उपचाराचा संकेत होता, उपचार नाकारण्याचा नव्हे. परंतु तोच आकडा दोन्ही कामांसाठी वापरता येतो, हीच गुणांकाची अडचण आहे.

नियमांची पुनर्तपासणी :

नियम मोडणारे रुग्ण पुढे आले तेव्हा नियमांची परीक्षा झाली. मेमोरिअल स्लोन-केटरिंग येथूनच २००० मध्ये चार किंवा अधिक गाठी काढलेल्या १५५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्यापैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्के होते. अ‍ॅडसन यांनी १९८४ मध्ये ज्या २५ टक्क्यांच्या आधारे शस्त्रक्रियेचे समर्थन केले होते, त्याच्या अगदी जवळचा हा आकडा आहे. म्हणजे १९८६ मध्ये ज्यांना अपात्र ठरविले गेले असते, त्यांना २००० मध्ये पूर्वीच्या पात्र रुग्णांइतकेच यश लाभत होते. १० मिलिमीटर कडेच्या अटीचेही असेच झाले. पावलिक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५५७ रुग्णांचा अभ्यास करून दाखविले की, कडेवर कर्कपेशी नसल्या तर ती कडा किती रुंद आहे याने जगण्यात फरक पडत नाही.

तिसरा धक्का औषधांनी दिला. पॅरिसजवळच्या पॉल ब्रूस रुग्णालयातील आंरी बिस्मथ, रेने अ‍ॅडम व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, प्रथम शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या ३३० रुग्णांचा वृत्तांत दिला. केमोथेरपीने गाठी लहान झाल्यावर त्यांच्यापैकी ५३ जणांवर शस्त्रक्रिया करता आली आणि त्या ५३ जणांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ४० टक्के होते. अयोग्य हा शब्द कायमचा नसून त्या दिवसापुरता आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

गुणांकांचीही तपासणी सुरू झाली. मेयो क्लिनिकमधील झकारिया व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आपल्या ६६२ रुग्णांवर तीन प्रचलित पद्धती लावून पाहिल्या. दोन रुग्णांपैकी अधिक कोण जगेल, हे पद्धतीला किती वेळा अचूक सांगता येते, अशी ही कसोटी असते. नाणेफेक केली तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येईल. तिन्ही पद्धतींची कामगिरी नाणेफेकीहून थोडीच सरस ठरली. समूहांची क्रमवारी लावण्यास उपयुक्त असलेला गुणांक समोरच्या एका व्यक्तीविषयी फार थोडे सांगतो, हा या अभ्यासाचा बोध आहे.

काळाच्या ओघात मूळ टक्केवाऱ्याही जुन्या झाल्या. मेमोरिअल स्लोन-केटरिंगमधील १६०० रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासात १९८५ ते १९९८ आणि १९९९ ते २००४ अशा दोन कालखंडांची तुलना केली आहे. पहिल्या कालखंडात पाच वर्षे जगणारे ३७ टक्के होते, तर दुसऱ्यात ५१ टक्के. संस्था तीच, रोग तोच; तरीही चौदा टक्क्यांचा फरक. जो चिकित्सक २००५ मध्ये १९९९ चा तक्ता उघडून रुग्णाला आकडा सांगत होता, तो नकळत त्याला मागील पिढीचे भवितव्य ऐकवीत होता.

अर्थात हा सर्व फरक उपचारांमुळेच पडला, असे मानणेही धाडसाचे ठरेल. अमेरिकी वैद्यक-संशोधक अल्वन फाइन्स्टाइन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात एक भ्रम उघड केला आणि विनोदी वक्ता विल रॉजर्स याचे नाव त्याला दिले. महाविद्यालयातील उदाहरण घेऊ. हुशार विद्यार्थ्यांच्या अ तुकडीतील सर्वांत कमी गुणांचा विद्यार्थी ब तुकडीत टाकला आणि तो ब तुकडीच्या सरासरीपेक्षा वरचा असला, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही विद्यार्थ्याला मात्र एकही गुण अधिक मिळालेला नसतो. नव्या प्रतिमातंत्रांमुळे पूर्वी न दिसणारा सूक्ष्म प्रसार दिसू लागला आणि असे रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटातून वगळले गेले, तेव्हा शस्त्रक्रियेचे निकाल काही अंशी अशाच रीतीने सुधारले असणार. दोन कालखंडांच्या आकड्यांची तुलना करताना ही शक्यता डोळ्यांआड करता येत नाही.

बरे होणे म्हणजे काय? :

पाच वर्षांची मर्यादा हीदेखील एक रूढी आहे. टॉमलिन्सन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. अनुमानित टक्केवारी न काढता ज्यांच्या शस्त्रक्रियेला प्रत्यक्ष दहा वर्षे होऊन गेली होती अशा ६१२ रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला. त्यांतील १०२ जण दहा वर्षांनंतर हयात होते, म्हणजे सहापैकी एक. पाच वर्षे पार केलेल्यांपैकी ३४ टक्के पुढे कर्करोगानेच दगावले. दहा वर्षांनंतर मात्र कर्करोगाने केवळ एकच मृत्यू झाला. रोगमुक्ती हा शब्द पाच वर्षांनी वापरणे घाईचे होते आणि दहा वर्षांनी तो बहुतांशी सार्थ होता, हे या अभ्यासाने दाखविले. याहून महत्त्वाची बाब अशी की, शस्त्रक्रियेपूर्वीचा प्रतिकूल घटक असलेले रुग्णही या दीर्घायुषी गटात होते. १९३२ पासून ड्यूक्सच्या परंपरेने ज्या अवस्थेला वर्गीकरणातही स्थान दिले नव्हते, त्या अवस्थेतील माणसे बरी झाली होती.

जनुक, काटकोन त्रिकोण आणि प्रत्यारोपण :

२०१० नंतरच्या पद्धतींत रोगाच्या आकाराबरोबरच त्याच्या स्वभावाचाही विचार होऊ लागला. सासाकी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गाठींचा भार मोजण्यासाठी पायथागोरसच्या सिद्धान्ताचे सूत्र वापरले. सर्वांत मोठ्या गाठीचा सेंटिमीटरमधील व्यास आणि गाठींची संख्या या काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा मानावयाच्या व कर्णाची लांबी हा भार समजावयाचा. तीन सेंटिमीटरची मोठी गाठ आणि एकूण चार गाठी असल्यास भार पाच येतो. चार या संख्येपाशी अचानक दार बंद करणाऱ्या १९८६ च्या नियमाऐवजी येथे क्रमाने चढत जाणारी मोजपट्टी आली. मार्गोनिस व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी हा भार, सीईए, लसिका ग्रंथींची स्थिती व यकृताबाहेरील रोग यांना केआरएएस या जनुकातील बदलाची जोड देऊन नवा गुणांक मांडला.

असाध्याची सीमा आणखी एका दिशेने सरकली. नॉर्वेतील ऑस्लो येथे हागनेस व सहकाऱ्यांनी, ज्यांच्या गाठी कापून काढणे अशक्य होते अशा २१ रुग्णांचे संपूर्ण यकृत बदलले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे अनुमानित प्रमाण ६० टक्के होते. पुढे रेने अ‍ॅडम यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ९४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार केमोथेरपी व प्रत्यारोपण यांसाठी निवडलेल्या गटात पाच वर्षे जगणारे ५६.६ टक्के, तर केवळ केमोथेरपीच्या गटात १२.६ टक्के होते. हे रुग्ण अतिशय काटेकोरपणे निवडलेले होते, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. प्रत्यारोपणासाठी यकृते नेहमीच अपुरी असल्याने येथे पूर्वानुमानाला नवा नैतिक भार प्राप्त होतो. एका रुग्णाला यकृत देणे म्हणजे ते दुसऱ्याला न देणे. शस्त्रक्रियेचा गुणांक चुकला तर एका रुग्णाचे नुकसान होते. येथे तो दोघांच्या आयुष्यांना स्पर्श करतो.

आपल्या संदर्भातील प्रश्न :

उपरोक्त बहुतेक पद्धती अमेरिका, युरोप व जपानमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आहेत. त्या आपल्याकडे वापरताना एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. कॅप्लान-मायर पद्धतीत संपर्क तुटलेला रुग्ण उरलेल्या रुग्णांसारखाच आहे, असे गृहीत धरलेले असते. मुंबईत शस्त्रक्रिया करवून दूरच्या गावी परतलेला रुग्ण तपासणीला आला नाही, तर तो बरा असल्यामुळे आला नाही, प्रवासखर्च नसल्यामुळे आला नाही की हयातच नाही, हे रुग्णालयाच्या कागदावरून कळत नाही. तिन्ही शक्यता समान मानणे हे गणिताच्या सोयीचे असले तरी वास्तवाला धरून नाही.

या दृष्टीने महाराष्ट्रातील नोंदणीचा इतिहास उद्बोधक आहे. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी भारतात प्रथम मुंबई येथे १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली आणि बार्शीबरोबरच शेजारच्या परंडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन नोंद करावयाची, हे तिचे वैशिष्ट्य. यकृतावरील शस्त्रक्रियेचे पूर्वानुमान हा तिचा विषय नव्हता. परंतु आकड्यामागील माणूस शोधण्यासाठी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जावे लागते, हा तिचा धडा येथेही लागू पडतो. आपल्या रुग्णांचे दहा वर्षांनंतर काय झाले याची नोंद जोवर अशा चिकाटीने होत नाही, तोवर न्यूयॉर्कमधील १००१ जणांचा इतिहास हेच आपल्या रुग्णांचे भविष्य म्हणून सांगितले जाईल.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) जगण्याचे पूर्वानुमान हे निसर्गनियमासारखे स्थिर नसून विशिष्ट काळ, संस्था व उपचार यांच्याशी बांधलेले ऐतिहासिक विधान आहे. त्यावर वर्ष व स्थळ यांची नोंद असल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

२) गुणांक ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्या नोंदींतून तयार होतात. ज्यांना शस्त्रक्रिया नाकारली गेली, त्यांच्याविषयी ते मौन बाळगतात. या मौनाला पुरावा समजणे ही या इतिहासातील वारंवार घडलेली चूक आहे. चार गाठींचा नियम व १० मिलिमीटरची अट ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३) गुणांक निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. रुग्णसमूहांची तुलना, चाचण्यांची आखणी आणि पूरक उपचारांचे नियोजन यांसाठी ते आवश्यक आहेत. एका व्यक्तीविषयी अंतिम निर्णय देण्याची क्षमता मात्र त्यांच्यात नाही.

४) असाध्याची सीमा १९८६ पासून २०२४ पर्यंत अनेकदा सरकली. प्रत्येक वेळी ती सरकली, ती प्रचलित नियमाबाहेरच्या रुग्णावर उपचार करून त्याची प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्यांमुळे.

चरकसंहितेतील इशारा वैद्याच्या यशाची काळजी वाहणारा होता. आजच्या चिकित्सकासमोरही, जेथे निकालांची टक्केवारी प्रसिद्ध होते तेथे, तोच मोह असतो. कठीण रुग्ण टाळल्यास टक्केवारी सुधारते. म्हणूनच कोणत्याही रुग्णालयाची टक्केवारी वाचताना किती जण जगले, याबरोबर किती जणांना दारातून परत पाठविले, हेही विचारले पाहिजे. ही दुसरी संख्या बहुधा नोंदलेली नसते. ती नोंदविण्याचा आग्रह धरणे, हे वैद्यकाइतकेच इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे.